मदत हवी आहे: ७१ वर्षांच्या वडिलांना घेऊन आर्लिंग्टन लूप (सायकलची गोल फेरी), कोणत्या बाजूने फिरावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहतो. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. वय ७१. बहुतेक नोकरी बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर झाली. आधी रूळ दुरुस्त करणारा गँगमन, मग रुळांच्या चाव्या तपासत फिरणारा चाबीवाला, शेवटी टोळीचा मुकादम. गावी अजून रोज सायकल चालवतात. इथे आल्यावर मात्र कुठे जायचं तर कुणीतरी गाडीतून न्यावं लागतं, त्यामुळे गप्प गप्प झाले होते.

मागच्या रविवारी त्यांना डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर, म्हणजे सायकली आणि चालणाऱ्यांसाठीच्या वाटेवर, सायकलने नेलं. मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, "ही लाइन होती ना? रस्ता असा वळत नाही." खरंच होती. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वे १९६८ साली बंद पडली. रूळ उखडले, जमीन वीज कंपनीकडे गेली (विजेचे मनोरे अजून ट्रेलच्या कडेने उभे आहेत) आणि १९७४पासून टप्प्याटप्प्याने डांबरी ट्रेल झाला. शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल, ४५ मैल. हर्नडनचं जुनं लाकडी स्टेशन ट्रेलला लागूनच आहे. अण्णा तिथे उतरले, फलाटाची उंची हाताने मोजली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मग रेस्टनपर्यंत जाऊन परत आलो. त्या दिवशी ते महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता त्यांना मोठी फेरी हवी आहे, आणि गेलो त्याच वाटेने परत यायचं नाही असा आग्रह आहे. म्हणून आर्लिंग्टन लूप मनात आहे: डब्ल्यू अँड ओडी, फोर माइल रन, पोटोमॅक नदीकाठचा माउंट व्हर्नन ट्रेल आणि कस्टिस ट्रेल. साधारण २६-२७ किलोमीटर. हर्नडनहून मेट्रोने सायकली घेऊन ईस्ट फॉल्स चर्चला उतरायचं, ट्रेल तिथे स्टेशनजवळच आहे.

अंतराची काळजी नाही, चढाची आहे. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. कस्टिसवर फार चढउतार आहेत असं ऐकलंय. लूप कुठून कसा घ्यावा? आणि एक भीती म्हणजे इथे उजवीकडून चालवायचं असतं, पण सवयीने ते डावीकडून चालवतात. समोरून कुणी आलं की आणखी डावीकडे सरतात. रविवारी दोनदा माझ्या छातीत धस्स झालं. ही सवय कुणी मोडली असेल तर सांगा.

प्रतिसाद १
ताई, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरा. बॉन एअर पार्कपाशी डब्ल्यू अँड ओडी सोडून कस्टिसला लागा आणि रॉसलिनकडे उतरा. मधे छोटे चढ लागतील, पण एकूण उतार आहे. उलट आलात तर नदीच्या पातळीवरून कस्टिसचा चढ शेवटी, दमल्यावर लागतो. रॉसलिनच्या लिन स्ट्रीटच्या चौकात मात्र काकांना सायकलवरून उतरवाच. हायवेवरून येणारी वाहनं तिथे उजवीकडे वळतात आणि ड्रायव्हरचं लक्ष डावीकडे असतं. पुढे नदीकाठी लाकडी पूल आहेत, ते ओले असले की चाक सटकतं. पाऊस होऊन गेला असेल तर दिवस बदला. विमानतळाशेजारच्या ग्रेव्हली पॉइंटला थांबा. विमानं डोक्यावरून उतरतात.

प्रतिसाद २
डावी-उजवीचं आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत झालं होतं. त्यांना मागे ठेवलं आणि "माझ्या मागच्या चाकाकडे बघा, समोर बघू नका" एवढंच सांगितलं. आरसा मात्र तुमच्या हँडलला लावा. पहिले दोन दिवस घराजवळच्या भागात, सकाळी गर्दीआधी. मेट्रो स्टेशनात सायकली लिफ्टनेच न्या. स्वच्छतागृहं ब्लूमाँट पार्क आणि बारक्रॉफ्ट पार्कला आहेत.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. नकाशा अण्णांसमोर ठेवला आणि प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी शर्लिंग्टनपासून बॉन एअरपर्यंतच्या डब्ल्यू अँड ओडीच्या रेघेवर बोट ठेवलं. "परतीचा चढ या पट्ट्यात येतोय ना? मग चिंता नको. इंजिनाला झेपेल असाच चढ ठेवलेला असणार. कटिंग आणि भराव उगाच नाही घालत." आता त्यांनीच ठरवलंय की उतरायचं कस्टिसने आणि चढायचं लाइनीवरून. ब्लूमाँटला जुना ब्रेकव्हॅनचा डबा ठेवलाय, तिथे डबा खायचा हेही ठरलं.

मागच्या चाकाची युक्ती आज सकाळी करून पाहिली. तीन जण समोरून आले, एकदाही डावीकडे गेले नाहीत.

आता एकच अडचण उरली आहे. माझ्या नवऱ्याची सायकल त्यांना उंच होते आणि दांड्यावरून पाय टाकताना गुडघा दुखतो. ईस्ट फॉल्स चर्चच्या आसपास कुणाकडे बिनदांड्याची, खाली सीट करता येईल अशी सायकल येत्या शनिवारी सकाळपुरती मिळेल का? किंवा भाड्याने कुठे मिळते? इलेक्ट्रिक नको, अण्णा नाही म्हणताहेत.