मदत हवी आहे: एम३ ल्युकेमिया, मॅरो पॉझिटिव्ह आलाय, मुंबईला हलवायचं का? (तातडीचं)

माणदेशी
धाकट्या भावाला एम३ (ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे. सोलापुरात ॲडमिट आहे, गोळ्या आणि सलाईन चालू. काल बोन मॅरोचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. घरात सगळे म्हणतायत औषध लागू पडलं नाही, मुंबईला हलवा. ॲम्ब्युलन्सवाल्याला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. प्रश्न दोनच. औषध फेल गेलं का? आणि एम३चे किती टक्के पेशंट वाचतात? गोल गोल उत्तरं नकोत.

निळी_शाई
कशात पॉझिटिव्ह? मायक्रोस्कोपखाली पेशी दिसल्या की पीएमएल-रारा पीसीआर (या आजाराचा खास जोडजनुक शोधणारी तपासणी)? सलाईनमधून आर्सेनिक जातंय की नुसती किमो? पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी किती होत्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅम्पल औषधाच्या कितव्या दिवशी घेतलं? एवढं कळल्याशिवाय हो-नाही सांगता येणार नाही.

शिवगंगा
रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर वेळ घालवू नका. सख्खी भावंडं आहात, लगेच एचएलए टायपिंग (स्टेमसेल दात्याशी जुळतात का ते बघणारी तपासणी) करून घ्या. पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के असते. ट्रान्सप्लांट सेंटरला नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासून लागा.

निळी_शाई
शिवगंगा, बाकीच्या ॲक्यूट ल्युकेमियात हे ठीक आहे, एम३मध्ये नाही. पहिल्या रेमिशनमध्ये (आजार आटोक्यात आल्यावर) इथे ट्रान्सप्लांट करतच नाहीत. आजार उलटला आणि दुसऱ्यांदा रेमिशन मिळालं, तर तो विचार येतो. तेव्हाही पीसीआर निगेटिव्ह असेल तर पेशंटच्या स्वतःच्याच स्टेमसेल वापरतात. भावाच्या टायपिंगचा खर्च आज करायला लावू नका.

माणदेशी
पीसीआरच. गोळ्या आट्रा, सलाईनमधून आर्सेनिक. पांढऱ्या पेशी सुरुवातीला ३२००, मध्ये २८००० झाल्या होत्या, आता उतरल्या. ॲडमिट होऊन महिना होत आला, म्हणजे औषधाला भरपूर वेळ दिलाय. टक्केवारी सांगा ना कुणीतरी.

लॅबवाला_७७
आधी घाबरवणारी गोष्ट बाजूला काढतो. पांढऱ्या पेशींच्या वाढीवरून जोखीम ठरत नाही. जोखीम पहिल्या दिवसाच्या आकड्यावर ठरते: १०,०००च्या आत असेल तर हाय-रिस्क नाही. आट्रा आणि आर्सेनिक पेशी मारण्याआधी त्यांना पिकवतात, म्हणून मधल्या काळात आकडा चढतो. त्यावर हायड्रॉक्सीयुरिया देतात. तेच दिलं असेल.

टक्केवारी. याच दोन औषधांची जुन्या पद्धतीशी, म्हणजे आट्रा आणि किमोशी, तुलना इटली आणि जर्मनीत झाली. पहिला निकाल २०१३ साली छापून आला. १०,०००च्या आतल्या पेशंटमध्ये सुमारे चार वर्षांनंतरही आट्रा-आर्सेनिकच्या गटातले ९९ टक्के हयात होते, किमोच्या गटात सुमारे ९३.

पण ही टक्केवारी ट्रायलमध्ये पोचलेल्यांची आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत एम३चे २९ टक्के पेशंट पहिल्या ३० दिवसांत गेले. त्यातले सुमारे चाळीस टक्के मृत्यू रक्तस्रावाने, कित्येकदा नीट उपचार सुरू होण्याआधीच. म्हणून या आजारात पहिला महिना निराळा आणि पुढची वर्षं निराळी. तुम्ही अजून पहिल्या भागात आहात.

वैद्य_कोरेगाव
यात एक मुद्दा राहतोय. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. आयुर्वेदात शोधित सोमल आणि हरताळ शतकानुशतकं वापरात आहेत. चीनमध्येही १९७०च्या दशकात हार्बिनच्या डॉक्टरांनी पारंपरिक औषधातूनच हे शोधलं. सलाईनच्या जोडीला हरताळापासून केलेलं रसमाणिक्य सुरू केलं तर ताकद वाढेल.

लॅबवाला_७७
इतिहास बरोबर, सल्ला धोकादायक. सलाईनमधला डोस किलोला ०.१५ मिलिग्रॅम असा मोजून दिलेला असतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ९ मिलिग्रॅम. वर तोंडाने आणखी सोमल गेला तर तो कुणीच मोजत नाही आणि पहिला फटका हृदयाला बसतो: ईसीजीवर क्यूटी (ठोक्यातल्या एका टप्प्याचा वेळ) लांबतो, ठोके बिघडतात. क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर डॉक्टरांना आर्सेनिक थांबवावं लागतं, म्हणजे खरं औषधच बंद. पोटॅशियम ४च्या वर आणि मॅग्नेशियम १.८च्या वर ठेवायची धडपड त्यासाठीच असते. उलटीचं ओन्डॅनसेट्रॉन, फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन हीसुद्धा क्यूटी लांबवतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

वैद्य_कोरेगाव
तोंडावाटे आर्सेनिक चीनमध्ये देतातच. ते चालतं आणि आपलं नाही?

लॅबवाला_७७
चालतं, पण सलाईनच्या ऐवजी, जोडीला नाही. प्रत्येक गोळीतलं प्रमाण ठरलेलं आणि ईसीजी चालू. कृपया या धाग्यावर डोस सुचवू नका, वाचणारा घाईत आहे.

आभाळमाया
आहाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आट्रा हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे. कॉड लिव्हर ऑइल किंवा अ जीवनसत्त्व असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या देऊ नका. कॅप्सूल जेवणाबरोबर द्या, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. प्लेटलेट कमी असतील तर दाढीला ब्लेड नको, दातांना मऊ ब्रश, आणि स्नायूत इंजेक्शन नको.

निळी_शाई
माणदेशी, ॲडमिट होऊन महिना झाला असं तुम्ही म्हणता. आर्सेनिक नक्की कधी सुरू झालं? दोन्ही तारखा एकच का? मॅरो त्यानंतर कितव्या दिवशी काढला?

माणदेशी
नाही. आधी आमच्या गावाजवळ ॲडमिट होता, तिथे डेंग्यू समजून नुसत्या प्लेटलेट चढवल्या. सोलापुरात आल्यावर औषध सुरू. आज विसावा दिवस. मॅरो चौदाव्या दिवशी काढला.

निळी_शाई
मग उत्तर मिळालं. औषध फेल गेलेलं नाही. चौदाव्या दिवशी पीसीआर पॉझिटिव्ह असणं अपेक्षितच आहे, त्याचा काही अर्थ लावायचा नसतो. पेशी हळूहळू पिकतात, त्यामुळे मॅरोसुद्धा २८ दिवसांच्या आत पाहू नये. नंतरही अपक्व पेशी दिसल्या तर औषध न बदलता थांबून पुन्हा पाहतात. पीसीआरचा खरा निकाल कन्सॉलिडेशन (रेमिशननंतरचा पुढचा उपचार) संपल्यावर. त्यात आर्सेनिक आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे चालू आणि चार आठवडे बंद, अशा चार फेऱ्या. आट्रा दोन आठवडे चालू, दोन बंद, सात फेऱ्या. तेव्हा निगेटिव्ह हवा.

आता दुसरं. प्लेटलेट, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि वजन सांगा. आणि पेशंट कसा आहे हे तुम्ही अजून लिहिलेलंच नाही.

माणदेशी
प्लेटलेट २२०००. फायब्रिनोजेन माहीत नाही. वजन वाढलंय, ५८ होतं आता ६४, म्हणजे तब्येत सुधारतेय. कालपासून थोडी धाप आणि बारीक ताप आहे, झोपलं की खोकला येतो. सलाईन जास्त झालं असेल.

निळी_शाई
धागा बंद करून आत्ता सिस्टरकडे जा. हे वाट बघण्यासारखं नाही. सहा किलो वजन, धाप, ताप हे विसाव्या दिवशी एकत्र आले म्हणजे डिफरन्शिएशन सिंड्रोमचा विचार पहिला. पिकणाऱ्या पेशींमुळे फुप्फुसात पाणी साठतं. सिस्टरना याच तीन गोष्टी सांगा: ५८चे ६४, कालपासून धाप, ऑक्सिजन किती. छातीचा एक्स-रे लागेल. शंका आली तरी डॉक्टर डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा शिरेतून सुरू करतात, पक्कं निदान होईपर्यंत थांबत नाहीत. आणि या अवस्थेत ॲम्ब्युलन्सने मुंबई अजिबात नको.

शिवगंगा
सहमत. टायपिंगचं मागे घेतो. टाटाचं मत हवं असेल तर रिपोर्ट घेऊन नातेवाइकाने परळला जावं, पेशंट इथेच राहू दे.

लॅबवाला_७७
प्लेटलेट २२००० कमी आहेत. या टप्प्यावर ३० ते ५० हजारांच्या वर ठेवतात आणि फायब्रिनोजेन १५०च्या आसपास, त्यासाठी क्रायो (फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक) देतात. डॉक्टरांना विचारा की शेवटचं फायब्रिनोजेन कधी तपासलं. रक्तपेढीत क्रायो आहे का तेही आत्ताच बघून ठेवा, रात्री धावपळ नको.

माणदेशी
एक्स-रे झाला, दोन्ही बाजूंना पाणी आहे. ऑक्सिजन ९० होता, मास्क लावलाय. डेक्सा सुरू केलं. फायब्रिनोजेन ११८ आलं, क्रायो मागवलंय. ॲम्ब्युलन्स रद्द. आर्सेनिक आज दिलं नाही, हे बरोबर आहे का? की तेवढ्यात आजार वाढेल?

निळी_शाई
बरोबर आहे. त्रास सौम्य असेल तर औषध चालू ठेवूनच डेक्सा देतात, ऑक्सिजन लागत असेल तर तात्पुरतं थांबवतात. सावरला की पुन्हा सुरू. काही दिवसांच्या खंडाने आजार हातचा जात नाही. वजन रोज सकाळी एकाच वेळी करायला सांगा.

आरोग्य_खिडकी
रेशनकार्ड आहे का? असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि या उपचाराला मंजुरी मिळते का ते तो तपासेल. पुढचे सहा-सात महिने आर्सेनिक लागणार आहे.

माणदेशी
केशरी आहे, पण भावाचं नाव अजून वडिलांच्या कार्डावर आहे.

आरोग्य_खिडकी
नाव त्या कार्डावर असेल तर तेच चालतं, वेगळं कार्ड लागत नाही. भावाचं आधार घेऊन जा आणि दोन्हीकडे नाव एकसारखं लिहिलंय का ते आधी बघा. एका अक्षराच्या फरकानेही मंजुरी अडकते.