सोबतचा गडी पिऊन शिफ्टला यायलाय: आधी सुपरवायझरला सांगायचं की त्याच्याशी बोलायचं?

प्रेसशॉप_वाळूज
छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा एमआयडीसी, जालन्याच्या रोलिंग मिल, कुठंही हा पेच पडतो. माझं मत सरळ आहे: आधी माणसाशी बोला, ऑफिसात जाऊ नका. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या लेखी कामनियमांत, नशेत कामावर येणं गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच असतं. एकदा कागद झाला की चार्जशीट, चौकशी, निलंबन. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार. घरात चणचण सुरू झाली की पिणं कमी होत नाही, वाढतं.

बोलायचं ते शिफ्ट सुटल्यावर, तो शुद्धीत असताना, एकट्यानं. टपरीवर नको, तिथं चौघं कान देऊन असतात. "दारुडा झालास" हे तोंडातून काढायचं नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: "या महिन्यात चार सोमवार खाडा झाला. परवा प्रेसमध्ये डाय (साचा) सेट करताना हात थरथरत होते." मग एकच विचारा: "डॉक्टरकडं मी सोबत येऊ का?" पहिल्यांदा तो नाहीच म्हणणार. आठ-दहा दिवसांनी परत विचारा.

सेफ्टीवाला_शेंद्रा
शिफ्ट सुटल्यावर बोलाल, पण आज रात्री पत्रा दाबायची प्रेस मशीन कोण चालवणार?

हिशेब बघा. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. रात्री अकरापर्यंत दोन क्वार्टर पोटात गेल्या तर सकाळी सातच्या शिफ्टला साधारण तिसरा हिस्सा अंगात शिल्लक असू शकतो. लिंबूपाणी, अंघोळ, कडक चहा यांनी हा वेग वाढत नाही. तोंडाला वास नाही म्हणून सोडून देणारे इथंच फसतात.

प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं असतात, ती मशीन चालवणाऱ्याचेच हात वाचवतात, डायजवळ उभ्या हेल्परचे नाही. त्यातही कुणी एक बटण पाचर ठोकून दाबून ठेवलेलं असलं तर तेवढाही आधार गेला. म्हणून त्याच मिनिटाला शिफ्ट सुपरवायझरला सांगायचं: "याची तब्येत बरोबर दिसत नाही, मशीनवरून उतरवा." 'पिलाय' म्हणायची गरज नाही, आणि ते आपल्याला नक्की माहीतही नसतं. शुगरवाल्याची साखर ७० च्या खाली गेली तरी घाम, थरथर, जीभ जड, सगळं तसंच दिसतं. आधी फर्स्ट एडच्या खोलीत साखर तपासा. घरी जाताना मोटरसायकलची चावी त्याच्या हातात देऊ नका.

कामगार_बाजू
चार्जशीट, चौकशी हे पर्मनंटवाल्यांचं. कंत्राटी पोराला ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून गेटवर येऊ नको." संपलं. त्याच्यासाठी सुपरवायझरला सांगणं म्हणजे त्याची रोजी घालवणं, हे सेफ्टीवाल्यांनी लक्षात घ्यावं.

वाट आहे, ती आधी चाचपा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड असायला पाहिजे. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवस भरलेले असतील आणि डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. ठेकेदारानं वर्गणी भरलीय का, हे आजच बघून घ्या. भरती व्हायच्या दिवशी कळलं तर उपयोग नाही.

रुग्णसेविका_लातूर
तिघंही एक धोका सोडून बोलायलात. रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून एकदम बंद कर" कधीच म्हणू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलटी सुरू होते. ४८ तासांपर्यंत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहीजण भ्रमात जातात, माणसं ओळखत नाहीत, ताप चढतो. हे जिवावर बेततं. दवाखान्यात गोळ्या देऊन डोस हळूहळू उतरवतात आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी-१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात.

'बटन' गोळ्या खाणाऱ्यांचंही तेच, झोपेच्या गोळ्या अचानक तुटल्या तरी फिट येते. सकाळी हात कापतात आणि घोटभर पोटात गेल्यावर थांबतात, ही खूण दिसली की उपदेश नको, मानसोपचार ओपीडी. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, या चारही सरकारी मेडिकल कॉलेजांत ती आहे. जायच्या आधी फोनवर विचारायचं तर १४४४६ ही नशामुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन.

प्रेसशॉप_वाळूज
मशीनवरून उतरवायचं, हे मान्य. 'एकदम बंद कर' माझ्याही तोंडात होतं, ते मागं घेतो. पण लेखी द्यायला माझा विरोध कायम आहे.

सेफ्टीवाला_शेंद्रा
पहिल्यांदा तोंडी, ठीक. दुसऱ्यांदा तसाच आला तर लेखीच, पण त्यात तारीख, वेळ आणि काय दिसलं तेवढंच. तिसऱ्या वेळेला हेल्परची बोटं गेली तर त्याच्या बायकोला काय सांगणार?

आणि मदतीच्या नावाखाली चाललेलं आधी थांबवा: त्याचं पंचिंग मारणं, त्याचं प्रॉडक्शन भरून देणं, पगाराआधी हातउसने पाचशे देणं. पुढची बाटली त्यातूनच येते.

कामगार_बाजू
पंचिंगचं पटलं. पैशाचं अर्धंच. त्याच्या हातात देऊ नका, पण घरचा किराणा, पोरांची फी परस्पर भरा. घर उपाशी ठेवून कुणाची सुटत नाही.

गोदाकाठ
भाजीत मिसळायची गोळी मिळते म्हणतात. वहिनींना आणून द्यावी का?

रुग्णसेविका_लातूर
नका देऊ. ती बहुतेक डायसल्फिराम असते, दारू सोडवायचं औषध. तिच्यावर दारू गेली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, लिव्हर तपासून आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनीच डॉक्टर सुरू करतात. दारू असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा मग चालत नाही.