पहिला डीएसएलआर: ३५ मिमी लेन्स घ्यावी की ५०?
मंडळी, जरा मदत हवी आहे. क्रॉप सेन्सरवाला (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) निकॉन घेतलाय, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स. दिवसा झकास चालते. पण संध्याकाळी घरात मुलीचे फोटो काढायचे तर ५५ वर अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवा, नाहीतर ती हलली की फोटो गेला. म्हणून एफ/१.८ ची, म्हणजे खूप जास्त उघडणारी, प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायचं पक्कं आहे. अडलंय ते ३५ की ५० यावर. १.५ च्या क्रॉपमुळे ५० ची चौकट ७५ सारखी होते, म्हणजे छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही अख्खा माणूस मावायचा नाही. पण चेहऱ्यांसाठी ५०च बरी म्हणतात. तुमच्या कॅमेऱ्यावर जास्त वेळ कुठली असते?

शिवाय बॉडीत फोकस मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स (बॉडीच्या मोटरवर फोकस होणारी) स्वस्तात मिळेल, पण मग फोकस हाताने. एफ/१.८ वर धावत्या पोराचा असा फोकस जमतो का कुणाला?

यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) दुकानदार हमखास गळ्यात मारतात, मला लेन्सच्या रक्षणाला लेन्स हूड (पुढे बसणारी कड) पुरेसा वाटतो. चुकत असेन तर सांगा. आणि ट्रायपॉड: हलका वाऱ्यात डुलतो, जड घरीच राहतो. मधलं काही आहे का?

पक्ष्यांसाठी ७०-३०० झूम लेन्स नंतर बघू, तो विषय आत्ता नको.