प्रतिसाद: गोष्ट तोंडीच सांगा

वर ताईंनी विचारलंय की भांडण मिटवणाऱ्या लोककथा मुलांना वाचायला द्याव्या की सांगाव्या. तोंडीच सांगा!

आमच्या खान्देशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात, बांधावरून वर्षभर अबोला असला तरी, आणि रात्री जागरणाला आजी अहिराणीत लावा पक्ष्यांची गोष्ट सांगायची (मूळ बौद्ध जातककथा आहे हे फार नंतर कळलं), सगळे लावे एकदम जाळं घेऊन उडतात, मग एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागतो, भांडण जुंपतं अन् शिकारी अख्खा थवा धरतो. इथे ती थांबायची आणि न बोलणाऱ्या दोन्ही काकांकडे नुसती बघायची. ते थांबणं छापून कसं येणार?

घरात कुणी सांगणारं असेल तर यंदा मोबाईलवर रेकॉर्ड कराच, अहिराणीतच.