लाटेवर पालथं पडल्याचे अनुभव: तुमचेही लिहा

लातूर (धागा काढणारी)

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमचं गाव. तेव्हा घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या माझ्या सासूबाई यंदा दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला लाटेवर पालथ्या पडून किनाऱ्याला लागल्या. अंगात सासऱ्यांचा शर्ट, माझी ट्रॅकपँट आणि तोंडानं 'अगं माय, अगं माय' चालूच. पोट वाळूला टेकलं तशा उठल्या, बोर्ड काखेत मारला नि म्हणाल्या, "अजून एकदा." चहाच्या वेळेपर्यंत पोरांना बोर्ड मिळाला नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: बॉडीबोर्ड म्हणजे फोमची फळी, जमिनीवर उभी धरली तर बेंबीपर्यंत येईल एवढी. तिच्यावर उभं राहायचं नसतं, त्यामुळं सर्फिंगसारखी शिकवणी लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात किनाऱ्याकडं तोंड करून थांबायचं, फुटलेली लाट फेस घेऊन चार-पाच हातांवर आली की फळीवर पोट टाकून पाय मारायचे. एवढंच. पण आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी वीसेक लाटा सोडल्या. लाट आली की वळून बघायचे, बघेपर्यंत ती पुढं गेलेली. यष्टी स्टँडात शिरली तरी 'हीच का आपली?' म्हणून पाटी वाचत बसणारा माणूस असतो ना, तसं.

समुद्र बघायला रात्रभर गाडीत बसावं लागणारी आपण माणसं. तुमचंही लिहा. पडलात तेही लिहा.

परभणी

आमच्या वडलांनी आम्हा तिघा भावांना पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललेलं. पोहणं तसंच आलं. गणपतीपुळ्याला दर्शन करून पुढं गुहागरला गेलो, तिथं पुतण्यानं हा बोर्ड काढला. वडील बघून म्हणाले, "ह्यो तर पोटाला बांधायचा डबाच की रे."

मी विहिरीत वरून सूर मारणारा, मला काय शिकवायचं? पहिल्याच लाटेत छाती पुढं टाकली, फळीचं नाक पाण्यात खुपसलं आणि मी कोलांटी खाऊन खाली. नाकातोंडात मिठागर. पुतण्या बारा वर्षांचा, तो मला शांतपणे सांगायला लागला, "काका, मागं सरका. कंबर मागच्या कडेला पाहिजे, नाक जरासं वर." सरकलो. आणि मग जी लाट सापडली तिनं तीस-चाळीस पावलं आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकाम्या पोत्यांवर झोपून उतारानं येताना पोटात जे होतं, तेच झालं.

नांदेड

उघड्या अंगानं जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पोट आणि कोपरं अशी सोललेली की पालथं झोपता येईना. अंगाला घट्ट बसेल असा टी-शर्ट घाला, ढगळ्यात वाळू भरते. बाकी मजाच.

बीड

थोडं गंभीर लिहितो. किनाऱ्याचं नाव सांगत नाही, दोष किनाऱ्याचा नव्हता. दोन्ही अंगाला लाटा फुटून फेस येत होता आणि मधला पंधरा-वीस पावलांचा पट्टा शांत, जरा गढूळ. आपण तळ्याकाठची, विहिरीकाठची माणसं. शांत पाणी म्हणजे बरं पाणी, हे डोक्यात बसलेलं. बायको-पोरांना वाळूत बसवलं आणि मी मुद्दाम तिथंच उतरलो.

थोड्याच वेळात वाळूत ठेवलेली आमची लाल बादली बारीक दिसायला लागली. लाटांनी किनाऱ्याकडं लोटलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट धरतं, ती वाट म्हणजे हाच शांत पट्टा. परत जाणारं पाणी तिथली वाळू उकरून तळ खोल करतं, लाट तिथं फुटत नाही ती म्हणूनच. मी किनाऱ्याकडं तोंड करून जीव तोडून पाय मारले आणि होतो तिथंच राहिलो. जाळं आवरणारा एक म्हातारा बाबा उठून हातानं आडवं आडवं दाखवत होता, मला वाटलं बोलावतोय. मग उमगलं. बोर्डाची दोरी मनगटाला होती, तेवढ्यावर तरंगत किनाऱ्याला समांतर सरकत गेलो. जिथं फेस सुरू झाला तिथं लाटेनंच उचलून आणून टाकलं.

संध्याकाळी बायकोनं धपाटे-दही पुढं केलं तर हात थरथरून दही मांडीवर सांडलं. 'थंडी वाजतीय' म्हणालो. घरी अजून खरं सांगितलेलं नाही.

छत्रपती संभाजीनगर

दादा, घरी सांगा. बाकी, किनाऱ्यावर स्वस्तात मिळणारी कापड चढवलेली थर्माकोलची फळी घेऊ नका. आमची दुसऱ्या लाटेत मधोमध मोडली, पांढरे मणी वेचण्यात दुपार गेली. ही वस्तू मुळात घरगुती खटपटीची आहे बरं का: १९७१ मध्ये हवाई बेटांवर टॉम मोरी यांनी फोमचा तुकडा कापून, वर वर्तमानपत्र धरून त्याला इस्त्रीनं आकार दिला. हे वाचून मीही मोडक्या फळीवर इस्त्री धरली. थर्माकोलचं काय होतं ते विचारू नका, इस्त्री नवी घ्यावी लागली.

हिंगोली

आम्ही दोनदा गेलो, दोन्हीदा पाणी लांब गेलेलं आणि लाट घोट्याएवढी. तुम्हाला बरोबर वेळ कशी सापडती?

लातूर (धागा काढणारी)

ताई, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी शिकवलं. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पंचमीला पावणेचार. त्याच्या तासा-दोन तास आधी पाण्यात शिरायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा लेकरायला घेऊन जाऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच. आणि बीडच्या दादांचं वाचून एक नियम आमच्याही घरात आला: बोर्ड काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचं, पाणी कुठून परत जातंय?

धाराशिव

आमचा बोर्ड गाडीच्या टपावर बांधून आणला, तुळजापूरला देवीपुढं थांबलो तर पुजारीकाकांनी विचारलं, "पाळण्याचा तळ का?" घरी कुठं ठेवावा कळेना, दाराआड उभा होता. चैत्रात आईनं गच्चीवर नेला, वरून धुतलेलं धोतर अंथरलं आणि कुरडया घातल्या. गुळगुळीत असल्यानं छान सुटल्या म्हणाली. पहिल्या घाण्यातल्या मात्र दाताखाली जरा कचकचल्या, कोपऱ्यात गुहागरची वाळू राहिली होती.