आई गेली, पण रात्री दोनला अजून जाग येते. मदत हवी आहे

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

वय ४४, लग्न केलेलं नाही, सदाशिव पेठेत राहतो. २०१९ च्या दिवाळीत आईला पॅरॅलिसिसचा झटका आला, तेव्हापासून ती अंथरुणालाच. दोन वर्षं नोकरी सांभाळून केलं, मग सोडली. दिवसा ब्यूरोच्या मावशी, रात्र माझी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर होतात. नळीतून पेज, ताक. मग पाणी सोडून नळी साफ करायची. (पुरुषमाणूस असून करतोस, म्हणून बायका कौतुक करायच्या. पुरुष विषय बदलायचे. असो.)

जाऊन चार महिने झाले. जो तो म्हणाला, सुटली बिचारी. आणि दारात चपला घालता घालता हळूच, "तूही सुटलास रे." भयंकर राग आला. कारण वैकुंठ स्मशानभूमीतून परत येताना रिक्षात मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

एक गोष्ट ताईलाही सांगितलेली नाही. त्या रात्री दोनचा गजर वाजला, तो बंद करून मी परत झोपलो. पाचला उठलो तर तिचा हात गार. डॉक्टर म्हणाले, तुम्ही जागे असतात तरी काही करता आलं नसतं. कळतं हो. पण आता गजर न लावता बरोबर दोनला उठतो, तिच्या खोलीत जातो. परवा एअर बेडचा पंप चालू केला. ती घरघर ऐकता ऐकता तिथेच फरशीवर झोप लागली.

बेड देऊन टाकू का? मुलाखतीत मधल्या वर्षांचं काय सांगू? आणि हे डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे का?

प्रतिसाद

दादा, मी सासूबाईंचं सात वर्षं केलं. बेडची घाई नको, पण पंपाचा प्लग काढून ठेवा. फॅमिली डॉक्टरना रात्री दोनला जाग येते ते सांगा, आधी झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत लांबलेल्या शोकाचं निदान आहे, तेसुद्धा किमान सहा महिने उलटल्यावर. तेव्हा आपल्याला वेड लागतंय असं समजू नका. पण मदत घ्यायला सहा महिने थांबायचं नसतं. रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलाखतीत सरळ सांगा, आईचं आजारपण काढलं. मान खाली घालून नको. आणि गजराचं ताईंना सांगाच.

धागाकर्ता

आभारी आहे. प्लग काढलाय. ताईला काल सांगितलं. आधी रडली, मग चिडली, चार महिने एकट्यानं मनात ठेवलंस म्हणून. रविवारी येतेय. बेडचं तेव्हा बघू.