लॉरा नाईटवर अन्याय झाला म्हणे!

वाकडी_रेघ:
लॉरा नाईट म्हणजे इंग्लंडची इम्प्रेशनिस्ट, ऊन-उजेडाचा खेळ रंगवणारी चित्रकर्ती. काल इथे कुणीतरी तिच्याबद्दल लिहून गेलं, "लॉरा नाईटला १९२९ मध्ये डेम (बायकांचा 'सर' किताब) केलं, १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत, चित्रकारांच्या मानाच्या संस्थेत, घेतलं. आता रडगाणं कशाला? खरा चित्रकार नवरा हॅरल्ड, नाव मात्र बायकोचं." वाचता वाचता चहा गार झाला माझा.

अहो, अकादमी १७६८ ची. स्थापनेच्या यादीत दोनच बायका, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. चित्रकार झोफनीने सभासदांचं चित्र काढलं, त्यात पुरुष नग्न मॉडेलभोवती ऐसपैस, आणि या दोघी भिंतीवर तसबिरी होऊन टांगलेल्या! त्यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा. मधे १६८ वर्षं.

नॉटिंगहॅमच्या कलाशाळेत ती तेराव्या वर्षी गेली. मुलींना नग्न मॉडेल बंद, प्लॅस्टरचे पुतळे काढा म्हणे. १९१३ मध्ये तिने उट्टं काढलं. स्वतः पाठमोरी, अंगात लाल जाकीट, डोक्यावर काळी हॅट, समोर मैत्रीण एला नेपर विवस्त्र, आणि कॅनव्हासवर तीच एला पुन्हा. अकादमीने चित्र नाकारलं. आता ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

खडूस_काका:
ते 'कुणीतरी' म्हणजे मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. शाळेत हॅरल्ड सगळ्यांत हुशार, त्याचं बघून बघून ही शिकली. हे खोटं आहे का? आणि हिला इम्प्रेशनिस्ट कोण म्हणतं? नाझी पुढाऱ्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला रंगवणारी, तोफेचा भाग कातणारी रुबी लॉफ्टस रंगवणारी बाई इम्प्रेशनिस्ट?

वाकडी_रेघ:
ती चित्रं १९४६ आणि १९४३ ची. १९०७ नंतर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, न्यूलिन आणि लामोर्ना गावांत, काढलेली चित्रं बघा की. १९०९ च्या 'द बीच'मध्ये पोरांच्या कपड्यांवर ऊन कसं सांडलंय! आणि तुमचा हॅरल्ड पूर्ण सभासद झाला १९३७ मध्ये. बायकोनंतर वर्षाने.

तिरपी_मान:
प्लॅस्टरचं नाव काढलंत आणि डोकं फिरलं. मी शिकले ते कॉलेज, नाव नको, वर्षभर एकच नाक फुटलेला ग्रीक. लाईफच्या, म्हणजे जिवंत मॉडेलच्या, तासाला आजोबा यायचे, धोतर, कोट, पगडी. त्यातली शरीररचना आम्ही अंदाजाने काढायची! कोटाखाली खांदा कुठे असेल विचारलं तर सर म्हणाले, "मुलींनी नसत्या चौकश्या करू नयेत."

खडूस_काका:
प्लॅस्टरशिवाय हात बसत नाही, ताई. तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे मी.

तिरपी_मान:
म्हणजे तुम्हीच ते सर का? लक्षणं तरी तीच!

खडूस_काका:
वैयक्तिक होऊ नका. छाया कशी पडते हे पांढऱ्या पुतळ्यावर जितकं कळतं तितकं माणसावर कळत नाही. हल्लीच्या पोरांना गोल मडकं धड काढता येत नाही, चालले नग्न अभ्यासाला.

गार_भजी:
काका, मुद्दा मडक्याचा नाही. मुलांना मॉडेल आणि मुलींना पुतळा, हा आहे. लॉरा पंधराव्या वर्षी आजारी आईच्या जागी शिकवायला लागली. शिकवण्याइतकी मोठी, बघण्याइतकी नाही?

खडूस_काका:
बरं, १६८ वर्षं मान्य. मोजून बघितली, बरोबर आहेत. पण हॅरल्डवर अन्यायच झालाय. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला, शेतमजुरी केली, त्याच्यावर धागा काढा की कुणीतरी!

वाकडी_रेघ:
तुम्हीच काढा. पहिली प्रतिक्रिया माझी.

तिरपी_मान:
हॅरल्ड राहू द्या. परवा त्या कॉलेजात गेले होते. फुटक्या नाकाचा ग्रीक आहे अजून. हल्ली त्याच्या डोक्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवतं.